बाळाच्या बाटलीत काय आहे? वर्ध्याचे पाणी, डब्याचा बाजार आणि आईची मजुरी

देवळी तालुक्यातल्या एका वस्तीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, एका घरी गेले होते. आई पहाटेच वेचायला गेली होती. चार महिन्यांची मुलगी आजीच्या मांडीवर होती आणि आजी बाटलीत पावडरचे दूध हलवत होती. मी पाण्याबद्दल विचारले, तेव्हा आजी जरा दुखावूनच म्हणाली, "पाणी त उकळूनच देतो ना जी ताई."

त्या दिवशी मी समाधानाने मान हलवली आणि पुढच्या घरी गेले. प्रशिक्षणात आम्हाला तेवढेच शिकवले होते, पाणी उकळा, बाटली उकळा, हात धुवा. आजी सगळे करत होती. पण वर्धा जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही, हे मला नंतर कळले. त्या आजीला जे सांगायचे राहून गेले, ते आज इथे मांडते आहे.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट जागतिक स्तनपान सप्ताह असतो. आरोग्य केंद्रात फलक लागतात, 'आईचे दूध अमृत' असे भाषण होते, फोटो निघतात. त्या भाषणात बाटली ही आईची चूक असते. बाटलीतले पाणी कुठून आले, डबा घरात कोणी आणायला सांगितला आणि आई त्या वेळी कुठे होती, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही.

उकळल्याने नायट्रेट जात नाही

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक भूजल गुणवत्ता अहवाल सांगतो की देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. देशातल्या सर्वांत जास्त नायट्रेटग्रस्त जिल्ह्यांची जी यादी अहवालात आहे, तीत महाराष्ट्रातले वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे आहेत. म्हणजे विदर्भातले चार, आणि त्यात आपला वर्धा.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट येते युरियासारख्या खतांतून, शेणखताच्या खड्ड्यांतून, शोषखड्ड्यांतून आणि गावाच्या सांडपाण्यातून. जमिनीत मुरत मुरत ते विहिरीत आणि बोअरमध्ये उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला ते सहसा लगेच जाणवतही नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे तसे नसते. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असे बदलून टाकते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्यांच्या शरीरात हा बदल परत दुरुस्त होतो. बाळाच्या शरीरात ती ताकद अजून पुरती आलेली नसते. ओठ, नखे, कातडी निळसर पडते, बाळ मलूल होते, धापा टाकते. म्हणून याला 'ब्लू बेबी सिंड्रोम' म्हणतात. वेळेवर दवाखान्यात नेले नाही तर जिवावर बेतते. बाळाला हगवण असेल तर धोका आणखी वाढतो.

आता आजीच्या वाक्याकडे परत येऊ. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि तेवढेच नायट्रेट कमी पाण्यात उरते, म्हणजे प्रमाण वाढते. तुरटीने जात नाही, ब्लीचिंग पावडरने जात नाही, कपड्याने गाळून जात नाही. आजी जितक्या काळजीने जास्त वेळ पाणी उकळेल, तितका हा एक धोका वाढेल. कष्टाने केलेली काळजीच उलटी पडावी, याहून मोठा अन्याय कोणता?

प्रत्येक विहीर दूषित आहे, असा याचा अर्थ नाही. एकाच गावात एका बोअरचे पाणी चांगले आणि पन्नास पावलांवरच्या हातपंपाचे खराब असू शकते. पण कोणते कसे आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि वस्तीतल्या किती कुटुंबांना आपल्या हातपंपाचा शेवटचा तपासणी अहवाल कोणी दाखवला आहे? जारच्या पाण्याचेही तेच. ते थंड केलेले असते म्हणून तपासलेले असतेच असे नाही.

आईच्या दुधावर असलेल्या बाळाला हा धोका नाही, कारण आईने प्यालेल्या पाण्यातले नायट्रेट दुधात फारसे उतरत नाही. म्हणजे वर्ध्यासारख्या जिल्ह्यात पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईचे दूध, पाण्याचा थेंबही नाही, हा नियम पोषणाबरोबरच विषबाधेपासून बचावाचाही आहे.

पावडर निर्जंतुक नसते

दुसरी गोष्ट डब्याची. बंद डबा, आतला चकचकीत कागद, मोजण्याचा चमचा; हे पाहून आपल्याला वाटते की आत काही जंतू असूच शकत नाही. पण बाळाच्या दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू राहू शकतो, जो नवजात आणि कमी वजनाच्या बाळांत मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा रक्तातला संसर्ग घडवतो. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीने मिशिगनमधल्या कारखान्यातील पावडर याच जंतूच्या संशयावरून बाजारातून परत बोलावली. त्याआधी २००८ मध्ये चीनमध्ये दुधाच्या पावडरीत मेलामाइन मिसळल्याने सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. श्रीमंत देशाचा कारखाना असो वा मोठा ब्रँड, डब्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी स्थिती कुठेच नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे की पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी, म्हणजे पावडरीतले जंतू मरतात. मग दूध थंड करून लगेच पाजावे. दोन तासांत संपले नाही तर फेकून द्यावे. आपल्याकडे घरोघरी उलटे होते. सकाळी पाणी उकळून ठेवतात, दिवसभर तेच कोमट किंवा गार पाणी वापरतात आणि उरलेली अर्धी बाटली दुपारी परत तोंडात देतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ च्या घरात जातो, तिथे ती अर्धी बाटली म्हणजे जंतूंची शेती आहे.

त्यात भर पडते ती गरिबीची. डबा महाग, म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन. बाळाचे पोट पाण्याने भरते, ते रडत नाही, घरच्यांना वाटते पोट भरले. वजन मात्र वाढत नाही.

डबा घरात येतो कसा?

आईच्या दुधाच्या रक्षणासाठी देशभर काम करणारी 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यातच स्थापन झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली होती. त्या धर्तीवर १९९२ मध्ये आपल्या संसदेने कायदा केला, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. लोक त्याला आयएमएस कायदा म्हणून ओळखतात.

हा कायदा काय सांगतो? दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठीचे पावडरचे दूध, बाटली आणि डबाबंद आहार यांची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने वाटता येत नाहीत. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही. दवाखान्यात फलक लावता येत नाही. डॉक्टर, नर्स किंवा त्यांच्या संघटनांना भेटवस्तू, कमिशन, परिषदेचा खर्च देता येत नाही. उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कायदा असा कडक आणि अनुभव कसा? मला भेटलेल्या एका बाळंतिणीला एका खासगी दवाखान्यातून सुट्टीच्या कागदावर औषधांच्या यादीत पावडरच्या डब्याचे नाव लिहून मिळाले होते. सिझेरियन झाले होते, पहिले दोन दिवस दूध कमी होते. कोणी तिला बाळ छातीला कसे धरायचे हे शेजारी बसून दाखवले नाही, पण डबा लिहून दिला. घरी आल्यावर तिला वाटले, डॉक्टरांनी लिहिले म्हणजे ते औषधच. बाळ बाटलीला लागले, छाती ओढेना, दूध आणखी आटले. डबा विकण्यासाठी जाहिरात लागतच नाही. पहिल्या तीन दिवसांत आईला मदत न करणे, एवढे पुरेसे असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे हेच सांगतात. देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते फक्त ४१.८ टक्के बाळांना. म्हणजे डॉक्टर आणि नर्स हजर असताना निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया जातो. याचा दोष निरक्षर आईवर कसा टाकणार?

सहा महिन्यांनंतरचा प्रश्न

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत वरचा आहार लागतो. इथेही बाजार दारात उभा आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्वित्झर्लंडच्या संस्थेने आणि इब्फान या जाळ्याने नेस्लेच्या सेरेलॅकची देशोदेशी तपासणी करून दाखवले की भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती, तर जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ती नव्हती. कंपनीचे म्हणणे होते की साखर भारतीय नियमांच्या मर्यादेतच आहे. पुढे कंपनीने साखर न घातलेले प्रकारही बाजारात आणले. पण प्रश्न शिल्लक राहतोच. एकाच कंपनीने युरोपातल्या बाळासाठी एक माप आणि आपल्या बाळासाठी दुसरे माप का ठेवावे, आणि आपल्या नियमांनी ते चालू का द्यावे? माणसामाणसात माप वेगळे असते, हे आपल्या समाजाला नव्याने शिकवायची गरज नाही.

दुसरीकडे अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना घरपोच आहाराची पाकिटे मिळतात. हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. यात ठेकेदार नकोत, स्थानिक महिला मंडळांनी आहार बनवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला. तरी महाराष्ट्राने २०१६ मध्ये काढलेल्या निविदेच्या अटी अशा होत्या की लहान बचत गट आपोआप बाहेर पडावेत. ती निविदा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली. पाकीट दूरच्या कारखान्यातून आले की त्यातले काय, कधी दळले, कसे साठवले, हे गावातल्या कोणालाच विचारता येत नाही. मूल ते खात नाही, पाकीट गाईपुढे जाते आणि मुलाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो. ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके देशात फक्त ११.३ टक्के आहेत, यामागे हीच साखळी आहे.

गाईचे दूधही विचारात घ्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. ते जनावराच्या बुरसटलेल्या खाद्यातून दुधात येते आणि उकळल्याने जात नाही. आपल्याकडे ढेप पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात पडलेली असते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आई त्या वेळी कुठे होती?

आता तिसरा आणि मूळ प्रश्न. चार महिन्यांच्या बाळाला सोडून ती आई वेचणीला का गेली? कारण वेचणी हंगामापुरतीच चालते, त्यात मिळालेली मजुरी पुढे पुरवावी लागते, आणि घरी बसण्याचे पैसे तिला कोणी देत नाही.

मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार केवळ तिच्यावर पडू नये, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना त्यांच्याच काळात खाणीतल्या स्त्रियांसाठीचा प्रसूती लाभ कायदा सुधारला गेला. २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे बरोबर सहा महिने, आईच्या दुधाचे सहा महिने.

पण शेतमजूर बाईला काय? अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ४ प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६००० रुपये द्या म्हणते. मातृवंदना योजनेत प्रत्यक्षात पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६०००. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळते असे सरकार म्हणते. पाच हजारांना सहा महिन्यांच्या दिवसांनी भागा. दिवसाला २८ रुपयेही होत नाहीत. २८ रुपयांत कोणती मजूर बाई घरी बसेल? कार्यालयातल्या बाईला पूर्ण पगार आणि रानातल्या बाईला २८ रुपये, असे असेल तर बाटली ही निवड नसते, ती सक्ती असते.

कामाच्या ठिकाणी पाळणाघर असते, तर आई दुपारी बाळाला पाजू शकली असती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. किती कामांवर तुम्ही ती पाहिली?

थोडे आपल्या घरातही पाहू

व्यवस्थेला प्रश्न विचारताना आपले घर सोडून चालणार नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवला जातो, गूळपाणी दिले जाते, बाळघुटी उगाळली जाते, चीक म्हणून पहिले पिवळे दूध काही ठिकाणी फेकले जाते. मधात असणाऱ्या जंतूंच्या बीजांमुळे वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही. चीक हे तर बाळाचे पहिले लसीकरण आहे.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले की परंपरेने चालत आले म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका. अनुभवाने हितकारक ठरेल तेच स्वीकारा. हा निकष घुटीला लावा आणि डब्यालाही लावा. आजीने सांगितले म्हणून घुटी नको, तसेच गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्याने लिहिले म्हणून डबाही नको. 'का?' हे विचारा.

आणखी एक गोष्ट. आता आपली मुले डॉक्टर आहेत, नर्स आहेत, औषधांच्या दुकानांत आहेत, कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून फिरतात. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार निषिद्ध सांगितले, त्यात विषाचा व्यापार आहे. योग्य वापरात पावडर हे विष नाही. पण गरज नसताना, दूषित पाण्याच्या गावात, महिन्याचे टार्गेट भरण्यासाठी ती आईच्या हाती दिली, तर सम्यक आजीविकेचा प्रश्न आपल्याही दारात येतो.

ज्या आईला खरोखर दूध नाही, जी आजारी आहे किंवा जी या जगात नाही, तिच्या बाळाला पर्याय लागतोच. महामाया सातव्या दिवशी गेल्यावर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने आपले दूध पाजले, असे परंपरा सांगते. दुसऱ्या आईच्या दुधाची ही परंपरा आज दूध पेढीच्या रूपाने उभी आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून ती चालते. जिथे ती नाही, तिथे डबा वापरणाऱ्या आईला हिणवू नका. तिला तपासलेले पाणी, वाटी-चमचा आणि योग्य पद्धत द्या.

कार्यकर्त्यांनी काय करायचे?

पहिले, पाणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किटने पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, किट कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. वस्तीतला प्रत्येक हातपंप आणि विहीर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या, नायट्रेटचा आकडा लेखी मागा आणि विहाराच्या फलकावर लावा. जिथे तो ४५ च्या वर आहे, तिथे बाळासाठी ते पाणी वापरू नका असे ठळक लिहा आणि पर्यायी पाण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात घाला. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मिळवला. ते पाणी पिण्याजोगे असणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

दुसरे, कायदा. दवाखान्यात डब्याची जाहिरात, फुकट नमुना, औषधांच्या कागदावर ब्रँडचे नाव दिसले तर फोटो आणि तारीख ठेवा. जिल्हा आरोग्य अधिकारी, अन्न व औषध प्रशासन आणि या कायद्याखाली तक्रार करण्यासाठी अधिसूचित असलेल्या संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा. खराब पाकीट, मुदत संपलेला डबा यांची तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवरही करता येते.

तिसरे, पाळणाघर आणि पैसा. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर होऊ शकते. कापसाच्या हंगामात आपल्या वस्तीत ते हवे, ही मागणी महिला मंडळाने करावी. मातृवंदनेची थकलेली रक्कम किती जणींची आहे, याची यादी करून तहसीलला द्या.

चौथे, विहार. बाळाच्या नामकरणाला भंतेजी येतात, नातेवाईक जमतात. त्याच दिवशी आशाताईला पाच मिनिटे बोलायला द्या. सहा महिने फक्त आईचे दूध, मध नाही, पाणीही नाही, आणि डबा लागलाच तर कसा वापरायचा. भेटवस्तूंत बाटल्यांचा संच द्यायची पद्धत आलेली आहे, ती आपल्यापासून थांबवा.

त्या आजीकडे मी परत गेले. पुन्हा पाणी उकळायलाच सांगायला नाही, तर तिच्या हातपंपाचे पाणी तपासायला न्यायला. तिने बाटली धुऊन स्वतःच भरून दिली आणि विचारले, "आजपर्यंत कोणी नाही नेलं जी ताई, आता काऊन नेता?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते जिल्हा प्रशासनाने द्यायचे आहे, आणि थोडे आपणही.

जय भीम, नमो बुद्धाय.